मॅडमनी पाठवलंय

रविवारी सकाळी साडेसातला वर्षाराणीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ आला आणि सात पस्तीसला तिने तो पुढे पाठवूनही दिला.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. वाळूवर मेलेल्या माशांचा खच, मागे तीन-चार होड्या, समुद्रावर टेकलेला सूर्य आणि एका पुरुषाचा घाबराघुबरा आवाज. "आज सकाळी नवापूरच्या किनाऱ्यावर हा प्रकार घडलाय. पाण्यात विष मिसळलंय. मासे खाऊ नका. हे सगळं दाबलं जातंय."

ती मासे आणायलाच निघाली होती. कापडी पिशवी हातात, पायात एक चप्पल. तशीच दाराशी स्टुलावर बसली. शुक्रवारी त्यांच्याकडे बोंबील झाले होते आणि शनिवारी दिवसभर प्रतीक्षाचं, तिच्या आठ वर्षांच्या लेकीचं, पोट दुखत होतं. दोन गोष्टी क्षणात जुळल्या. तिने व्हिडिओ बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतः लिहिलं, "आपल्या जवळचंच आहे. आज कृपया मासे घेऊ नका. मुलांना जपा."

बोईसरच्या त्या तीन बिल्डिंगांत मिळून शंभराच्या आसपास घरं. कोणी सोलापूरचं, कोणी जळगावचं, बहुतेक सगळे कारखान्यांत नाहीतर वीज प्रकल्पात कामाला. आठ वाजेपर्यंत आभाराचे हात जोडून झाले. कोणीतरी लिहिलं, "मॅडमनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार." मग तेच वाक्य व्हिडिओच्या डोक्यावर बसून दुसऱ्या ग्रुपांत गेलं.

वर्षाराणी नवापूर रस्त्यावरच्या एका शाळेत मराठी शिकवायची. जूनपासून नववीला आठवड्यातून दोन तास आणखी एक विषय तिच्याकडे आला होता. बातम्या, व्हिडिओ, फॉरवर्ड कसे तपासायचे, ते शिकवण्याचा. पालघरला दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं होतं. वर्गाच्या भिंतीवर तिने स्वतःच्या अक्षरात तीन प्रश्न लिहून लावले होते. हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? आणखी कोण सांगतंय? त्या सकाळी तिला यातला एकही आठवला नाही. दुपारी डाळभात जेवताना आठवले, तिन्ही एकदम, आणि तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

"काय झालं?" धीरजने विचारलं. तो तिचा नवरा, एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज.

"काही नाही. तो व्हिडिओ खरा असेल ना?"

"मला काय माहीत? तूच तर पाठवलास."

सोमवारी नववीचा तास तिसरा होता. ती वर्गात शिरली तोच सलोनी उभी राहिली. सलोनी नवापूरची, दुसऱ्या बाकावर बसणारी, एरवी विचारल्याशिवाय न बोलणारी. तिची आई पुष्पलता बोईसरच्या मच्छी मार्केटात बसायची. अकरा वर्षांपूर्वी सांगलीकडून नवीन आलेल्या वर्षाराणीला बोंबील कसे साफ करायचे, वजनाखाली दाबून त्यांचं पाणी कसं काढायचं, हे पुष्पलतानेच शिकवलं होतं. तेव्हापासून रविवार-शुक्रवारचे मासे तिच्याकडूनच.

"मॅडम, आज आपण नवापूरचा व्हिडिओ तपासू या का?" सलोनी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "काल आईची माशांची पाटी तशीच परत आली. रविवार असून. एका बाईने तिच्या तोंडासमोर मोबाईल धरला. म्हणाली, शाळेतल्या मॅडमनी पाठवलंय, खोटं कसं असेल?"

वर्गात कुजबुज झाली. वर्षाराणीने टेबलाची कड धरली.

"आई म्हणाली, कुठल्या मॅडम ते माहीत नाय, पण तू तुझ्या मॅडमना दाखव. त्या बरोबर सांगतील."

नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. तिने आपला मोबाईल प्रोजेक्टरला जोडला, व्हिडिओ गॅलरीतून उघडला आणि पडद्यावर मेलेले मासे पसरले.

"काय दिसतंय ते सांगा. काय वाटतंय ते नको," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

"मासे. होड्या. सूर्य."

"सूर्य कुठे आहे?"

"समुद्रावर."

सलोनी एकदम म्हणाली, "पण तो माणूस सकाळ म्हणतोय. आमच्याकडं सकाळी सूर्य समुद्रावर नसतो. सुरूच्या झाडांमागून येतो, गावाच्या बाजूनं. समुद्रावर संध्याकाळी असतो."

वर्ग खूश झाला. पण मागच्या बाकावरचा जितेश हात वर करून उठला. त्याचे वडील कारखान्यात होते आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढायची त्याला सवय होती. "मॅडम, शूटिंग आदल्या संध्याकाळचं असेल. आवाज नंतर टाकला असेल. एवढ्यावरून खोटं कसं म्हणायचं?"

"बरोबर," वर्षाराणी म्हणाली. "एवढं पुरत नाही. अजून बघा."

तिने व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे नेला. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी सरकून आली. बिल्डिंगचा ग्रुप. 'मॅडम, तुमच्या कालच्या व्हिडिओमुळे वाचलो...' तिने झटक्यात अंगठ्याने ती वर ढकलली. सेकंदही लागला नसेल. मुलं होड्यांकडे बघत होती. सलोनी कुठे बघत होती, ते तिला कळलं नाही.

"ह्या होड्या आमच्या नाय," सलोनी हळू म्हणाली. "नाळ बघा, ते पुढचं टोक. आमच्या होड्यांची नाळ अशी नसते. आणि तो नंबर मोठा करा, मॅडम."

होडीच्या अंगावरचा नोंदणीचा नंबर मोठा केला तेव्हा अक्षरं फुटली, तरी एवढं वाचता आलं की महाराष्ट्राची एम एच ही अक्षरं तिथे नव्हती. वर्षाराणीने चित्र थांबवून त्याचा फोटो काढला आणि मुलांसमोरच इंटरनेटवर शोधायला टाकला. अर्ध्या मिनिटात तेच मासे, त्याच होड्या समोर आल्या. चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ, पूर्वेकडच्या एका राज्यातला. त्यात बोलणारा माणूस वेगळा, भाषा वेगळी. नवापूरचा आवाज कोणीतरी वरून चिकटवला होता.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. सलोनी रडायला लागली, मग हसायला. घंटा झाली. गुरुवारच्या तासाला सगळ्यांनी मिळून खुलासा लिहायचा, असं ठरवून वर्षाराणी बाहेर पडली आणि स्टाफरूममध्ये न जाता जिन्यातच थांबली. सांगायला तोंड उघडलं होतं तिने, दोनदा. दोन्ही वेळा कोणीतरी काहीतरी विचारलं आणि तिला बरंच वाटलं.

संध्याकाळी ती घरात नुसती फिरत राहिली. गॅलरीत गेली, आत आली, वाळलेले कपडे घडी घातले, मोडले, पुन्हा घातले.

"डिलीट करून टाक," धीरज म्हणाला. "अजून होतंय. सगळ्यांच्या मोबाईलमधून जाईल. कोण विचारतंय नंतर?"

तिने केला. व्हिडिओच्या जागी एक करडी ओळ आली. हा मेसेज डिलीट केला आहे. दहा मिनिटं तिला हलकं वाटलं.

मंगळवारी सकाळी ग्रुपवर पहिला प्रश्न आला. "मॅडम, व्हिडिओ का काढला?" तिने उत्तर दिलं नाही. तासाभरात दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, "मॅडमना काढायला लावला असणार. सरकारी नियम असतात." मग तिसरा, "म्हणजे प्रकरण मोठं आहे." दुपारपर्यंत व्हिडिओ पुन्हा फिरू लागला, आता नव्या ओळीसकट: 'शिक्षिकेला दबाव आणून डिलीट करायला लावलेला व्हिडिओ. लवकर बघा.'

वर्षाराणीने ती ओळ दोनदा वाचली. न बोलण्याचंही कोणीतरी बोलणं करून टाकलं होतं.

बुधवार, मासळीचा दुसरा मोठा वार. शाळा सुटल्यावर ती रिक्षाने मार्केटपर्यंत गेली आणि पलीकडच्या औषधाच्या दुकानाजवळ उभी राहिली. ओट्यांवर बायका बसल्या होत्या. समोर गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतं. पुष्पलता माशांवर पाणी मारत होती, पुन्हा पुन्हा, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. वर्षाराणीने दोनदा रस्ता ओलांडायला पाय उचलला. मग त्याच रिक्षात बसून घरी आली.

"माझ्यामुळे," ती धीरजला म्हणाली.

"एकट्या तुझ्यामुळे नाही. शंभर जणांनी पाठवला असेल."

"शंभर जणांनी पाठवला. पण त्यावर नाव माझं आहे."

गुरुवारी खुलासा लिहायला वर्ग आधीच जमून बसला होता. जितेशने फळ्यावर मोठ्या अक्षरात सुरुवातही केली होती: 'तो व्हिडिओ खोटा आहे. नवापूरचे मासे शंभर टक्के सुरक्षित आहेत. बिनधास्त खा.'

"दुसरी ओळ पुसायला पाहिजे," सलोनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. जितेश तर वैतागलाच. "अगं, तुझ्या आईसाठीच लिहिलंय ना?"

"माहितीये. आईनं पण हेच सांगितलंय. शाळेच्या शिक्क्यावर लिहून आण म्हणाली, सुरक्षित आहेत म्हणून." सलोनी उभी होती, पण बाकाकडे बघत बोलत होती. "मी आजोबांना विचारलं. वामनआजोबा पन्नास वर्षं समुद्रात जातात. ते म्हणाले, व्हिडिओ खोटा हाय. पण खाडीत कधीकधी पाण्याला वास येतो, बोय मासा उलटा होऊन तरंगतो, ते खोटं नाय. आमी इचारतो तेव्हा कोण सांगत नाय कशानं होतं ते. असं म्हणाले."

"म्हणजे मासे वाईट आहेत?"

"नाय. आईचे मासे खोल समुद्रातले असतात, बोटीवरचे. आम्ही रोज खातो. पण शंभर टक्के कोणी मोजलंय? आपल्याला माहीत नाय ना. मग कसं लिहायचं?"

"पण त्याने तुमचंच नुकसान होईल," जितेश म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात खोट काढणं नव्हतं.

सलोनीने ओठ आवळले. उत्तर दिलं नाही. ओळ पुसायला मात्र ती स्वतः पुढे गेली नाही. वर्षाराणी बघत होती. पंधरा वर्षांची ही पोर आईच्या पाटीवर पाणी सोडून खरं काय ते धरून उभी होती. आणि आपण सोमवारपासून जिन्यात लपतोय.

"बस, सलोनी," ती म्हणाली. "मला आधी काहीतरी सांगायचंय. तो व्हिडिओ पाठवणारी मॅडम मीच आहे."

तिने सगळं सांगितलं. प्रतीक्षाचं पोट, सात पस्तीस, स्वतःची लिहिलेली ओळ, सोमवारी गप्प बसणं, मग डिलीट करणं आणि त्यातून पुढे काय झालं ते. सांगताना ती भिंतीवरच्या तीन प्रश्नांकडे बघायचं टाळत होती.

जितेशने विचारलं, "तुम्ही तपासलं का नाही, मॅडम? तुम्हाला तर येतं."

"येतं. पण भीती वाटली की येत असलेलं सुचत नाही. मला वाटलं, उशीर नको व्हायला. पोरं आजारी पडली तर? चांगलं काम करतेय असं वाटत होतं मला तेव्हा. वाईट करतेय असं वाटलं असतं तर कदाचित थांबले असते."

"मला माहीत होतं," सलोनी म्हणाली.

"काय?"

"सोमवारी पडद्यावर वर पट्टी आली होती. मी वाचली."

"मग बोलली का नाहीस? घरी सांगितलंस?"

"नाय. तुमचा कालचा व्हिडिओ, एवढंच लिहिलेलं. दुसरा कुठला पण असू शकतो." तिने पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत राग होता, चांगलाच. "नक्की माहीत नव्हतं."

खुलासा त्या दिवशी सगळ्यांनी मिळून लिहिला. हा व्हिडिओ नवापूरचा नाही, तो कुठला आणि कधीचा हे आम्ही असं शोधलं. होडीचा नंबर, सूर्य, मूळ व्हिडिओचा पत्ता. खाडीच्या पाण्याबद्दल मच्छीमारांचे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं आमच्याकडे नाहीत. ती मिळावीत म्हणून आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र लिहीत आहोत. मुख्याध्यापकांनी शेवटची दोन वाक्यं काढायला सांगितली. वर्षाराणीने ती काढली नाहीत, शाळेचं नाव काढलं आणि स्वतःचं घातलं. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकताना वर लिहिलं, "रविवारी मी न तपासता खोटा व्हिडिओ पाठवला. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. डिलीट मी लाजेने केला."

तीन-चार जणांनी अंगठा दाखवला. रविवारी व्हिडिओ पुढे नेणाऱ्यांपैकी खुलासा किती जणांनी पुढे नेला, याचा तिने अंदाजही केला नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती मार्केटात गेली आणि या वेळी रस्ता ओलांडला.

"या मॅडम," पुष्पलता म्हणाली. तिने ओट्यावरची सुरी बाजूला ठेवली, पण हात पुसले नाहीत. "सलोनीनं सांगितलंय मला काल. तुमी सांगायची गरज नाय."

"तरी सांगायचंय. माझी चूक झाली, पुष्पलताताई."

"चूक माणसाची होते. मला तेवढं नाय लागलं." पुष्पलताचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या दोन बायकांनी माना वळवल्या. "अकरा वरसं तुमी माझ्याकडनं म्हावरं घेता. तुमची पोर पोटात होती तेव्हा काय खायचं, काय नाय, मी सांगितलं. माझा नंबर तुमच्या मोबाईलात हाय. एक फोन करायचा ना. पुष्पलता, किनाऱ्यावर मासे मेलेत का ग? एवढंच. मी काय खोटं बोलले असते?"

इंटरनेटवर चित्र शोधायचं तिला सुचलं नव्हतं, हे ठीक. पण हे? ओळखीच्या बाईला विचारणं? मुलांना ती किती तऱ्हा शिकवत होती, त्यात ही नव्हतीच. वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका. गिऱ्हाईक जाईल." पुष्पलताने प्लास्टिकचं स्टूल पुढे सारलं. "बसा इथं. मोबाईलात लिवलंत ते बरं केलंत. आता तोंडानं सांगा. जो थांबंल त्याला."

ती बसली. माशांचं पाणी चपलेत शिरत होतं. पहिल्या बाईला सांगताना जीभ अडखळली, तिसरीला सरळ आलं. "मी त्या शाळेतली मॅडम. तो व्हिडिओ मीच पाठवला होता. तो इथला नाही." काही जणी ऐकून पुढे गेल्या. एकीने सुनावलं, "आधी पाठवायचं, मग माफी मागायची. चांगलंय." तिने ते ऐकून घेतलं. तिच्याच बिल्डिंगमधले एक गृहस्थ तिला पाहून थांबले, पापलेट घेऊन गेले, आणि जाताना नजर मात्र मिळवली नाही.

मग एक म्हातारी बाई आली, नातवाला घेऊन. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आता खाल्ले तर काही होणार नाही ना? नक्की?"

पुष्पलता वर्षाराणीकडे बघत होती. हो म्हणणं किती सोपं होतं.

"व्हिडिओ खोटा आहे, ते नक्की. पाण्याची तपासणी कोणी केली का, ते मला माहीत नाही. हे मासे आजच्या बोटीचे आहेत, खोल समुद्रातले, असं या सांगतात आणि मी यांना अकरा वर्षं ओळखते. मी घरी नेतेय. तुम्ही स्वतः बघून घ्या."

पुष्पलताच्या कपाळावर आठी पडली. पण तिने एक सुरमई उचलली आणि कल्ला उघडून म्हातारीसमोर धरला. "बघा. लाल हाय का? बोट दाबा. खड्डा पडतो का बघा. वास घ्या." म्हातारीने बोट दाबलं, वाकून वास घेतला, नातवालाही घ्यायला लावला. मग म्हणाली, "तुकडे मोठे कर."

मासे कापताना पुष्पलता खालमानेने पुटपुटली, "माहीत नाय म्हणायची काय गरज होती?"

"सलोनीने वर्गात तेच सांगितलं, ताई. तुमच्यासमोर मला वेगळं बोलता आलं नाही."

पुष्पलताची सुरी क्षणभर थांबली. "ती आजोबावर गेली," ती म्हणाली आणि पुन्हा कापू लागली.

धंदा सावरायला तीन आठवडे लागले. पूर्ण सावरला असं पुष्पलता अजून म्हणत नाही. वर्गाच्या पत्राला पोच आली, उत्तर नाही. दर सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी सलोनी विचारते, "मॅडम, उत्तर आलं?" वर्षाराणी नाही म्हणते, कितवा आठवडा ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि मधल्या सुट्टीत त्या कार्यालयाला पुन्हा फोन लावते. परवा तिकडून कोणीतरी विचारलं, "पण बाई, तुमचा यात काय संबंध?" ती म्हणाली, "माझ्या वर्गातली मुलं विचारतात," आणि पलीकडच्या माणसाचं नाव आणि पद लिहून घेतलं.